हिऱ्यांमुळे युद्ध पेटलं का?

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ गृहयुद्ध चाललं. सुमारे पन्नास हजार माणसं मेली असावीत असा अंदाज आहे. हात तोडलेली माणसं त्या देशात आजही भेटतात. एवढ्या संहाराचं कारण जगभर एका शब्दात सांगितलं जातं, हिरे. हे उत्तर इतकं सोपं आहे की त्याच्या आडून बरेच गुन्हेगार निसटतात.

गैरसमज : युद्ध हिऱ्यांसाठीच सुरू झालं.

मार्च १९९१ मध्ये फोडे सांकोच्या ‘रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट’ या बंडखोर संघटनेने लायबेरियातून सीमा ओलांडून पहिला हल्ला केला, तो कैलाहून जिल्ह्यात. हिऱ्यांचा मुख्य जिल्हा कोनो. तो त्यांच्या हाती नंतर आला. शिवाय देशात हिरे १९३० मध्येच सापडले होते. मग युद्धाला साठ वर्षं का लागली? सियाका स्टीव्हन्स यांच्या दीर्घ राजवटीत देश आतून पोखरला गेला. रेल्वे बंद झाली, १९७८ मध्ये एकपक्षीय सत्ता आली, हिऱ्यांचा पैसा मर्जीतल्यांच्या खिशात गेला, पुढे शिक्षकांचे पगारही थकले. शाळा सुटलेली, हाताला काम नसलेली पोरं बंडखोरांना आयती मिळाली; कित्येक तर पळवून नेली गेली. देशाच्या सत्यशोधन व सलोखा आयोगाने २००४ मध्ये निष्कर्ष काढला, की हिरे हे युद्धाचं मूळ कारण नव्हतं, त्यांनी युद्धाला पैसा पुरवला. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. दोष हिऱ्यांवर ढकलला की राज्यकर्त्यांना जाब विचारायचा राहून जातो.

गैरसमज : जिथे हिरे, तिथे रक्तपात.

बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ओराप्याला हिरे सापडले. तिथे गृहयुद्ध झालं नाही. सरकारने खाणींतला वाटा आपल्याकडे ठेवला, पैसा रस्ते, शाळा आणि दवाखान्यांवर लावला. पण भूगर्भाचाही यात हात आहे. तिथले हिरे किंबरलाइट खडकात खोलवर असतात. ते काढायला प्रचंड यंत्रं आणि भांडवल लागतं, खाणीला कुंपण घालता येतं, कर वसूल करता येतो.

कोनोतले बरेचसे हिरे मात्र नदीच्या गाळात विखुरलेले. फावडं, बादली आणि चाळणी एवढ्यावर भागतं. माणूस पाण्यात उभा राहून खडीने भरलेली गोल चाळणी गरगर फिरवतो. हलकी खडी कडेला जाते, जड खडे मधोमध जमतात, आणि त्यांत नशिबाने एखादा हिरा. असे खड्डे बंदुकीच्या धाकावर कोणीही चालवू शकतो, आणि मुठीत मावणारा माल सीमेपार नेणं अवघड नसतं. तो लायबेरियात जाई, तिकडून शस्त्रं येत. सिएरा लिओनच्या बंडखोरांना साथ दिल्याबद्दल लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा झाली.

गैरसमज : लूट फक्त बंडखोरांनी केली.

सरकारी सैनिकही खाणींवर हात मारत होते. काही जण दिवसा सैनिक आणि रात्री बंडखोर असत. आणि सरकार व बंडखोर यांच्यात झालेल्या १९९९ च्या लोमे शांतता करारात तर खनिजांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद खुद्द सांकोलाच देऊ केलं गेलं.

गैरसमज : प्रमाणपत्र आहे, म्हणजे हिरा स्वच्छ.

कच्च्या हिऱ्यांसाठी २००३ पासून ‘किंबर्ली प्रोसेस’ या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेची प्रमाणपत्रं लागू झाली. त्यामुळे बंडखोरांचा बाजार बराच आवळला गेला, हे मान्यच करायला हवं. पण ‘संघर्षग्रस्त हिरा’ कोणता? वैध सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा, एवढीच त्याची व्याख्या. २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगे भागात हिरे शोधणाऱ्या गरिबांवर लष्करानेच गोळ्या झाडल्या. मारणारं सरकार होतं, म्हणून ती हत्या व्याख्येबाहेर राहिली. त्यातच निर्णय एकमताने घ्यायचे असल्याने मोजक्या देशांचा विरोधही बदल अडवतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. जगातल्या बहुतांश हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात आणि मोठा व्यापार मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातून चालतो. २०१९ मध्ये ‘किंबर्ली प्रोसेस’चं अध्यक्षपद भारताकडे होतं. त्या वर्षी नवी दिल्लीतल्या बैठकीत व्याख्या रुंदावण्याचा विषय चर्चेला होता. एकमत झालं नाही आणि व्याख्या होती तशीच राहिली.