‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’: थोडक्यात ओळख

निर्माते : पॅराडॉक्स, स्टॉकहोम (स्वीडन). हा संगणकीय खेळ बाजारात आला ऑगस्ट २०१३ मध्ये. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ मालिकेचा उगम एका फ्रेंच पटावरच्या खेळात. पहिला संगणकीय खेळ २००० सालचा.

काळ : ११ नोव्हेंबर १४४४, म्हणजे वार्नाच्या लढाईनंतरचा दिवस, ते १८२१.

खेळायचे काय? नकाशावरचे कोणतेही एक राज्य निवडायचे. ऑटोमन, कॅस्टील किंवा एखादे चिमुकले जर्मन संस्थानही चालते. अमुक केले की जिंकलात, असा नियम नाही. ध्येय खेळाडूनेच ठरवायचे.

‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळापेक्षा वेगळे काय? तिथे आळीपाळीने चाली होतात. इथे दिवस आपोआप पुढे सरकतात. वेग वाढवता येतो, घड्याळ थांबवून हुकूम देता येतात. नवख्यांचा बराचसा वेळ थांबलेल्या घड्याळातच जातो.

राजाचे गुण : प्रशासन, मुत्सद्देगिरी, लष्कर. प्रत्येकी ० ते ६. राजा नालायक निघाला की कारभार रखडतो. वारस कसा निघेल ते बहुतांशी नशिबावर.

भराभर मुलूख जिंकल्यास : आसपासची राज्ये बिथरतात आणि एकजूट करून उलटतात. नव्या खेळाडूचे साम्राज्य बहुधा इथेच कोसळते.

आयर्नमॅन : खेळण्याचा एक प्रकार. त्यात खेळ आपोआप जतन होतो. चूक झाली तरी मागे जाता येत नाही.

दख्खन : सुरुवातीला बहमनी सत्ता. मराठी संस्कृतीचे राज्य अटी पूर्ण करून ‘मराठा’ राज्य स्थापू शकते.

भावंडे (पॅराडॉक्सचेच इतर खेळ) : ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) घराण्यांचा खेळ, ‘व्हिक्टोरिया ३’ (२०२२) १८३६ पासूनच्या अर्थकारणाचा, ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ (२०१६) दुसऱ्या महायुद्धाचा. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ मालिकेतला पाचवा खेळ नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. त्याची सुरुवात १३३७ पासून होते.