बार्शी लाईटची कुर्डुवाडी

रेल्वे आली नसती तर कुर्डुवाडी माढा तालुक्यातलं एक साधं खेडं राहिली असती. 1859 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ पुण्याकडून इथवर पोचले. स्टेशनाला नाव मिळालं 'बार्शी रोड', कारण इथं चढणारा माल बार्शीचा होता. बालाघाटावरून उतरणारा कापूस, ज्वारी, करडई, जवस आधी बार्शीच्या पेठेत यायचं आणि तिथून बैलगाड्यांनी स्टेशनावर. जवळजवळ चाळीस वर्षं हा माल असाच धुळीतून, चिखलातून बैलांनी ओढला.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर 1882 मध्ये याच कंपनीच्या नोकरीत भारतात आला. मोठी रेल्वे जिथं परवडत नाही तिथं छोटी का नको, हा विचार त्यानं पुढं आयुष्यभर सोडला नाही. परवानग्यांत बरीच वर्षं गेली. अखेर 1897 मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी ही अडीच फुटी रुळांची, सुमारे 34 किलोमीटरची गाडी सुरू झाली. लोकांनी तिला बार्शी लाईट म्हटलं.

या गाडीला अनेकजण कौतुकानं 'खेळण्यातली' म्हणतात. मला ते पटत नाही. तिच्यामागचा हिशेब अगदी पक्का होता. तिचे रूळ हलके, यार्डाला 30 पौंडांचे. अशा रुळांवर जड इंजिन घातलं तर रूळ वाकणार, आणि हलकं घातलं तर ते माल ओढणार नाही. कॅलथ्रॉपनं ठरवलं की इंजिन असो, डबा असो वा वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग लीड्सच्या किटसन कंपनीकडून आठ चालक चाकांची इंजिनं करून घेतली. त्यामुळे वजन चार आसांवर वाटलं गेलं आणि रुळांवरची पकडही टिकली. वाघिणी दाबून घडवलेल्या पोलादाच्या सांगाड्याच्या, म्हणजे वजनाला हलक्या आणि माल भरपूर घेणाऱ्या. त्याही चार चाकांच्या बोग्यांवर, म्हणून वळणावर सहज फिरत. ही सगळी सामग्री लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून इंजिनिअरांना दाखवली गेली, आणि मगच ती बोटीत चढली. अरुंद रुळांची गाडीही पूर्ण कामाची रेल्वे असू शकते, हे बार्शीनं दाखवून दिलं. (याच कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट काढलं. माणूस एका विषयात मावणारा नव्हता.)

1906 मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. कॅलथ्रॉपही त्याच वर्षी वारला. लातूरची पेठ या रुळांमुळे मुंबईशी जोडली गेली. पण लोकांच्या जिभेवर बार्शी लाईट राहिली ती वारीमुळे. आषाढी-कार्तिकीला डब्यात जागा संपली की माणसं टपावर बसायची. गळ्यात टाळ, मांडीवर गाठोडं, आणि इंजिनाच्या धुराबरोबर तोंडावर येणारी कोळशाची कणी. पायी वारी ज्यांना झेपत नव्हती त्यांना पंढरी या गाडीनं दाखवली.

कुर्डुवाडीनं मात्र या सोयीची किंमत मोजली. रुंद आणि अरुंद रूळ इथं भेटत, पण एकाची वाघीण दुसऱ्यावर चालत नसे. त्यामुळे पोतं न् पोतं, गाठ न् गाठ हमालांच्या पाठीवरून या वाघिणीतून त्या वाघिणीत जायची. ज्या तंत्राचे गोडवे आपण गातो, त्याचा हा दुबळा कोपरा माणसांच्या कष्टांनी भरून काढला होता, आणि कुर्डुवाडीचा इतिहास लिहिताना त्या हमालांना पहिलं पान द्यायला हवं. इंजिनं-डब्यांची दुरुस्तीही इथल्याच वर्कशॉपात होई. गाव वाढलं ते या दोन कामांच्या आधारानं.

1954 मध्ये सरकारनं ही खासगी रेल्वे विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्यानं रूळ रुंद होत गेले आणि अदलाबदलीचा खोळंबा संपला. जुन्या गाडीनं बाजूला ठेवलेलं धाराशिव या बदलात नव्या मार्गावर आलं. आणि एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानेनं होरपळत असताना मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत, बार्शी लाईटनं आखून दिलेल्या जवळपास त्याच वाटेनं लातूरला गेली.