फळीवरचे शेजारी : कोर्टातले रडे

लंडनच्या गिल्डहॉलमध्ये खटला उभा आहे. मिसेस बार्डेल या विधवा घरमालकिणीने मिस्टर पिकविक या आपल्या भाडेकरूवर लग्नाचे वचन मोडल्याचा दावा लावला आहे आणि दीड हजार पौंड भरपाई मागितली आहे. वकिलांची भाषणे होतात, मैत्रिणी साक्षी देतात, पिकविकचा नोकर सॅम वेलर पिंजऱ्यात उभा राहून भल्याभल्यांची फजिती करतो आणि शेवटी ज्यूरी साडेसातशे पौंडांचा निकाल देते. पण ज्या दोघांत नेमके काय बोलणे झाले यावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्या दोघांची साक्षच होत नाही. बाई एका बाजूला बसलेल्या, गृहस्थ दुसऱ्या बाजूला. त्यांना कुणी काही विचारत नाही.

चार्ल्स डिकन्सची 'द पिकविक पेपर्स' ही विनोदी कादंबरी एप्रिल १८३६ ते नोव्हेंबर १८३७ या काळात एकेका शिलिंगाच्या मासिक अंकांतून निघाली. आजच्या वाचकाला वाटते की, लेखकाने इथे आपली सोय पाहिली. पिकविकला नोकर ठेवायचा होता आणि बाईंना वाटले की तो लग्नाचेच विचारतो आहे. दोघे बोलले असते तर हा घोळ पाच मिनिटांत निस्तरला असता आणि कादंबरीचा अर्धा ऐवज गेला असता. पण ही सोय डिकन्सची नव्हती, कायद्याचीच होती. त्या काळी इंग्लंडमध्ये दिवाणी दाव्यातल्या पक्षकाराला स्वतःच्या दाव्यात साक्ष देता येत नसे. ज्याचा स्वार्थ गुंतला आहे तो खोटे बोलणारच, तेव्हा त्याचे तोंड मुळात उघडूच देऊ नये, असा तो हिशेब होता. ही बंदी १८५१ साली उठली, पण वचनभंगाचे दावे तेव्हाही वगळले गेले. त्यांच्यासाठी १८६९ उजाडावे लागले. आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्यातल्या १२०व्या कलमाने दिवाणी दाव्यातले पक्षकार साक्ष द्यायला पात्र असल्याचे स्पष्टच सांगितले. वादी पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासणीला तोंड देतो हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की, 'पिकविक'मधले ते मौन खटकायला हवे तसे खटकतही नाही.

मागच्या लेखात आपण छापील निवाड्यांविषयी बोललो. न्यायाधीशांनी काय ठरवले आणि कोणत्या तत्त्वावर ठरवले, हे निवाड्यात असते. त्या दिवशी कोर्टात कोण कुठे बसले होते, कोण रडत होते, ज्यूरीत कुणाला ओढून आणले होते, हे त्यात नसते. ते शोधायचे कुठे? विल्यम होल्ड्सवर्थ या इतिहासकाराने त्याचे जे उत्तर दिले, ते त्याच्या पेशाच्या माणसाकडून सहज अपेक्षित नव्हते. इंग्रजी कायद्याचा सतरा खंडांचा इतिहास ज्याच्या नावावर आहे, असा हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक. त्याने येल विद्यापीठात डिकन्सवर व्याख्याने दिली आणि १९२८ साली त्यांचे पुस्तक झाले : 'चार्ल्स डिकन्स ॲज अ लीगल हिस्टॉरियन'. त्याच सुमारास भारतीय संस्थाने आणि ब्रिटिश सत्ता यांच्या संबंधांची चौकशी करणाऱ्या बटलर समितीचाही तो सभासद होता. एकीकडे संस्थानिकांचे करारमदार आणि दुसरीकडे सॅम वेलर, असा त्याचा संसार चालला होता.

होल्ड्सवर्थचे म्हणणे थोडक्यात असे : डिकन्सला हे सगळे आतून माहीत होते, म्हणून इतिहासकाराने त्याला साक्षीदार मानायला हरकत नाही. माहिती खरीच आतली होती. बाप कर्जापायी मार्शलसी तुरुंगात गेला तेव्हा डिकन्स बारा वर्षांचा होता. पुढे तो ग्रेज इनमधल्या एका ॲटर्नीच्या कचेरीत कारकून झाला, मग लघुलेखन शिकून कोर्टाचा वार्ताहर. जून १८३६मध्ये पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नवर कॅरोलाइन नॉर्टन यांच्या नवऱ्याने व्यभिचाराचा दावा लावला, तेव्हा वृत्तपत्रासाठी त्या खटल्याचा वृत्तांत डिकन्सनेच दिला होता. 'मी साडेचारच्या सुमारास येतो' एवढ्याच अर्थाच्या चिठ्ठीवरून नवऱ्याच्या वकिलाने काहूर उठवले होते. ज्यूरी जागेवरून उठलीसुद्धा नाही आणि मेलबर्न सुटला. पुढच्या मार्चमध्ये 'पिकविक'चा खटल्याचा अंक आला, त्यात मिसेस बार्डेलचा वकील सार्जंट बझफझ जेवणाच्या चॉप्सविषयीच्या एका चिठ्ठीतून प्रेमाचा पुरावा काढतो. फरक इतकाच की कादंबरीतल्या ज्यूरीला तो पटतो.

होल्ड्सवर्थ ज्या बारकाव्यांवर थांबतो, त्यांतला एक मुंबईकर वाचकाला ओळखीचा वाटेल. पिकविकला आपल्या बाजूने उभ्या राहणाऱ्या सार्जंट स्नबिनला भेटायचे असते. ही इच्छा ऐकून त्याचा ॲटर्नी पर्कर हादरतो. पक्षकाराने ॲटर्नीशी बोलावे आणि ॲटर्नीने वरच्या वकिलाला कागद द्यावेत, ही शिस्त होती. पक्षकाराने थेट चेंबरमध्ये जाऊन बसणे म्हणजे अगोचरपणा. मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला हीच दुपदरी व्यवस्था १९७०च्या दशकापर्यंत टिकून होती. दुसरा बारकावा असा की, दोन्ही बाजूंचे मुख्य वकील सार्जंटच आहेत. यात योगायोग नाही. हा खटला ज्या कोर्ट ऑफ कॉमन प्लीजमध्ये चालतो, तिथे उभे राहायचा मक्ता तेव्हा सार्जंट या दर्जाच्या वकिलांकडेच होता. आणि तो औषधविक्या! ठरवलेल्या खास ज्यूरीत माणसे कमी पडतात, म्हणून तिथे हजर असलेल्या साध्या ज्यूरर्समधून एक भाजीवाला आणि एक औषधविक्या ओढून बसवले जातात. दुकान पोऱ्याच्या भरवशावर आहे आणि त्याला जुलाबाचे मीठ आणि विष यांतला फरक कळत नाही, अशी तक्रार औषधविक्या करतो. न्यायाधीश ऐकत नाहीत. इथली भीती अतिशयोक्तीची आहे. माणसे ओढून ज्यूरी पुरी करण्याची रीत मात्र खरीखुरी.

माझ्या मते होल्ड्सवर्थचे पुस्तक जरा सरळ रेषेत चालते. कलमांशी आणि कार्यपद्धतीशी पडताळा घेता येईल तिथे तो रमतो. कोर्टातल्या नाटकाकडे तो तितका वळत नाही. मला स्वतःला या खटल्यात सर्वांत बोलका वाटतो तो टॉमी, मिसेस बार्डेलचा लहान मुलगा. डॉडसन आणि फॉग हे तिचे ॲटर्नी त्याला मुद्दाम अशा जागी उभे करवतात की, न्यायाधीश आणि ज्यूरी यांची नजर त्याच्यावर पडलीच पाहिजे. पोर बिचारे घाबरते. आपल्यालाच काही शिक्षा होणार अशा समजुतीने ते रडू लागते, आणि ॲटर्नींना हवे होते ते साधते. कायद्याने आईचे तोंड बंद केले होते. मग घरातले जे कुणी बोलू शकत नव्हते, पण रडू शकत होते, त्यालाच पुढे उभे केले. आसवांची शपथ घ्यावी लागत नाही आणि त्यांची उलटतपासणीही होत नाही.

ही युक्ती डॉडसन आणि फॉगने शोधलेली नव्हे. साधारण सव्वादोन हजार वर्षे मागे, अथेन्समध्ये, ॲरिस्टोफेनीसच्या 'गांधीलमाश्या' या प्रहसनात तीच आहे. इसवी सनपूर्व ४२२ मध्ये ते रंगमंचावर आले. त्यातला म्हातारा फिलोक्लिऑन याला ज्यूरीवर बसण्याचे व्यसन आहे. मुलगा त्याला घरात कोंडतो आणि करमणुकीसाठी घरातच कोर्ट भरवतो. आरोपी घरचा कुत्रा, गुन्हा चीज पळवल्याचा. बचावाच्या शेवटी कुत्र्याची पिल्ले पुढे आणली जातात आणि ती केविलवाणी कुईंकुईं करतात. म्हाताऱ्याचे डोळे भरून येतात. मग तो सावरून म्हणतो की, गरम मसूरडाळ घाईघाईने प्यायल्यामुळे पाणी आले.

कुत्र्याचा खटला खोटा आहे, यात शंका नाही. पण पिल्ले पुढे आणली की प्रेक्षक हसत असतील, तर ते बायकामुलांना कोर्टात आणण्याची रीत रोज पाहत असल्यामुळेच. विनोदी लेखन साक्षीला बोलावताना कसोटी हीच लावावी असे मला वाटते : ज्या तपशिलाशिवाय हसू येणार नाही, तो प्रेक्षकाच्या ओळखीचा असणार. त्या तपशिलावर लेखकाने चढवलेली कल्हई मात्र खरवडून काढायची. फिलोक्लिऑन घरी येतो तेव्हा त्याच्या नखांत मेण भरलेले असते, कारण तो दर खटल्यात जास्त शिक्षेची लांब रेघ मेणाच्या पाटीवर ओढतो. नखांत मेण ही थट्टा. शिक्षा ठरवायला पाटीवर रेघ ओढत, ही माहिती. दिवसाचे तीन ओबोल मिळावेत म्हणून पहाटे धडपडत निघणारे गरीब म्हातारे, आणि आज कोर्ट भरले नाही तर जेवायचे काय असे बापाला विचारणारा मुलगा, हेही त्याच प्रहसनात आहे. अथेन्सच्या कोर्टांची कार्यपद्धती 'अथेन्सची राज्यघटना' या ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या ग्रंथात सविस्तर आहे. तो इजिप्तमधल्या पपायरसवर सापडला आणि १८९१ साली छापला गेला. पण तो प्रहसनानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेला. मधल्या काळात मतदानाची रीतसुद्धा बदलली होती. तेव्हा पाचव्या शतकासाठी प्रहसनाकडे वळण्यावाचून गत्यंतर नाही.

अथेन्समध्ये लंडनच्या नेमके उलटे होते. तिथे पक्षकारालाच बोलावे लागे, तेही पाण्याच्या घड्याळाच्या वेळेत. भाषण लिसियससारख्या लेखकाकडून लिहून घेता येई, पण म्हणायचे स्वतःच. तरीही मूल पुढे आणले जाईच. बोलायला बंदी असो वा बोलणे सक्तीचे असो, ज्यूरीला पटवायला शब्द पुरत नाहीत हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक होते.

एका माणसाने मात्र मुले पुढे आणायचे नाकारले. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या बचावाच्या भाषणात, 'अपॉलॉजी'त, सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस सांगतो की त्याला तीन मुलगे आहेत, एक वयात येऊ लागलेला, दोन लहान, पण त्यांना इथे उभे करून तो दयेची याचना करणार नाही. यामुळे काही ज्यूरर्सना राग येईल हेही तो ओळखून आहे. त्यांनी स्वतः कधीतरी मुले पुढे करून सुटका मागितली असेल, आणि हा म्हातारा ते करत नाही म्हणजे आपला अपमान करतो असे त्यांना वाटेल. याच भाषणात तो ॲरिस्टोफेनीसचेही नाव घेतो. 'मेघ' या त्याच्या प्रहसनाने, पंचवीसएक वर्षांपूर्वी, सॉक्रेटिसची जी प्रतिमा लोकांच्या मनात बसवली, ती आरोपपत्राहून जड आहे, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे एका प्रहसनकाराने एकीकडे कोर्टाची इतकी खरी नोंद ठेवली आणि दुसरीकडे एका आरोपीचे असे खोटे चित्र काढले. विनोदाची साक्ष घेताना हे दुसरे विसरून चालत नाही.

तत्त्वज्ञाची साक्षही डोळे मिटून घेता येत नाहीच. दोषी ठरल्यावर अथेन्समध्ये दोन्ही बाजू आपापली शिक्षा सुचवत आणि ज्यूरीला त्या दोहोंतलीच एक निवडावी लागे. प्लेटोचा सॉक्रेटिस आधी सरकारी खर्चाने जेवण मागतो, मग एक मिना दंड, आणि अखेर मित्रांच्या हमीवर तीस मिना. हमी देणाऱ्यांत प्लेटो स्वतः आहे. झेनोफनने लिहिलेल्या बचावात मात्र सॉक्रेटिस शिक्षा सुचवायलाच नकार देतो, मित्रांनाही सुचवू देत नाही. दोघेही त्याचे चाहते. झेनोफन त्या दिवशी अथेन्समध्ये नव्हता, म्हणून प्लेटोचे पारडे जड धरायचे. पण ज्याचे नाव हमीदारांत आहे, त्याला गुरूने ती हमी स्वीकारलेली दाखवण्यात काही स्वारस्य नव्हते असे म्हणता येईल का?

पुढच्या आठवड्यात पुन्हा लंडन : 'ब्लीक हाउस', चॅन्सरी कोर्ट आणि वारसांना न मिळता खर्चातच संपून गेलेली इस्टेट.