सही कुणाची, बाळंतपण कुणाचं?

स्कॉटलंडमध्ये लॅनार्कशायरच्या रुग्णालयात १ ऑक्टोबर १९९९ रोजी नादीन माँटगोमेरी बाळंत होत होत्या. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदे अडकले. ते सुटायला १२ मिनिटं लागली. तेवढ्यात प्राणवायू कमी पडून बाळाला सेरेब्रल पाल्सी झाली.

नादीन मधुमेही होत्या, चणीनं लहान होत्या. मधुमेही आईचं बाळ अनेकदा थोराड असतं आणि अशा बाळंतपणांत नऊ-दहा टक्के वेळा खांदे अडकतात. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. एवढं मोठं बाळ नीट बाहेर येईल ना, ही काळजी नादीन यांनी तपासणीच्या वेळी पुन्हा पुन्हा बोलून दाखवली होती. तरी त्यांना धोका सांगितला गेला नाही. कोर्टात डॉक्टरांनी कारण दिलं, की बाळाला गंभीर इजा होण्याची शक्यता फार कमी असते आणि सांगितलं तर बहुतेक बायका सिझरच मागतात. बाई वेगळा निर्णय घेईल म्हणून तिला माहितीच द्यायची नाही, हे मला कोणत्याही अंगानं समर्थनीय वाटत नाही.

खालच्या दोन्ही कोर्टांत नादीन हरल्या. रुग्णाला किती सांगायचं, हे तोवर डॉक्टरमंडळींच्या रिवाजावरून ठरत असे. ११ मार्च २०१५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी तो निकष एकमतानं बाजूला सारला. त्या परिस्थितीतल्या समंजस बाईला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा, आणि दुसरे मार्गही सांगायला हवेत, असं त्यांनी ठरवलं. साडेबावन्न लाख पौंडांची भरपाई मिळाली, ती न सांगितल्याबद्दल.

आपल्याकडे २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असाच मूळ प्रश्न हाताळला. दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या बाईचं गर्भाशय काढलं गेलं; संमती घेतली बाहेर बसलेल्या आईची. बाई सज्ञान होती, जिवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. म्हणून ती संमती न्यायालयानं ग्राह्य धरली नाही.

तरीही प्रसूतिगृहात कागद आधी नवऱ्यापुढे जातो. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतसुद्धा शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी आधी पती वा पत्नी, मग अज्ञान रुग्णाचा पालक आणि शेवटी खुद्द रुग्ण, असा क्रम आहे. बाईपुढे कागद आलाच तर तो ऐन कळांमध्ये, बहुधा इंग्रजीत. पोटावर दाब देणं, खाली छेद घेऊन टाके घालणं, बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवणं यांबद्दल कित्येकींना नंतरच कळतं. पोटावर दाब देऊ नये आणि सरसकट छेद घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्येच सांगितलं आहे.

स्कॉटलंडमध्ये सिझरचा पर्याय लपवला गेला. आपल्याकडे तक्रार बहुतेकदा उलट असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सिझरचं प्रमाण सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होतं, तर खासगीत ४७.४. एवढी तफावत केवळ वैद्यकीय गरजेतून आली असेल, हे पटत नाही.

जीव धोक्यात असेल तर सहीसाठी थांबण्याची सक्ती कायदा डॉक्टरांवर करत नाही. पण सिझर, छेद, तांबी यांविषयी बोलायला आठव्या महिन्याच्या तपासणीत भरपूर वेळ असतो. तेव्हा सोबत नवरा असो की सासू, प्रश्न तिलाच विचारावा आणि तिचं उत्तर केसपेपरवर लिहून ठेवावं.