चिमुकल्या शब्दांची साक्ष

दोन माणसं एकाच विषयावर, एकाच बाजूने, एकाच टोपणनावाने लिहितात. त्यातला कुठला लेख कोणाचा, हे पावणेदोनशे वर्षांनंतर सांगता येईल? आलं की! आणि तेही विचारांवरून नव्हे, ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही अशा शब्दांवरून.

अमेरिकेची नवी राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पब्लियस’ या नावाने एक निबंधमाला सुरू झाली, ‘द फेडरलिस्ट’. वर्षभराच्या आत ८५ निबंध! लिहिणारे तिघे : अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. १८०४ मध्ये हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्याआधी दोनच दिवस त्याने लेखकांची यादी करून ठेवली होती. पुढे मॅडिसनची यादी आली आणि घोळ उघड झाला. १२ निबंधांवर दोघांचाही हक्क!

१९४१ मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर आणि फ्रेडरिक विल्यम्स यांनी दोघांच्या वाक्यांची लांबी मोजून पाहिली. हॅमिल्टनचं वाक्य सरासरी ३४.५५ शब्दांचं. मॅडिसनचं? ३४.५९! जुळ्या भावांतही इतकं साम्य सापडायचं नाही. वाट तिथेच खुंटली.

ती मोकळी केली एका इतिहासकाराने. डग्लस अडेअर यांच्या लक्षात आलं, की हॅमिल्टन जिथे ‘व्हाइल’ लिहितो तिथे मॅडिसन ‘व्हिल्स्ट’ लिहितो. अर्थ तोच, सवय वेगळी. मग मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी असे शब्द हुडकायला घेतले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन दर हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरतो. मॅडिसनच्या हजार शब्दांत तो बहुधा सापडतच नाही.

पण असले क्षुल्लक शब्दच का? कारण ‘युद्ध’, ‘कर’, ‘न्यायालय’ हे शब्द विषयाबरोबर येतात आणि जातात. ‘वर’, ‘चा’, ‘आणि’ अशा अर्थाचे शब्द मात्र विषय कुठलाही असो, न ठरवता हातून पडत राहतात. आमटी कोणाच्या हातची, हे डाळीवरून थोडंच कळतं? ते फोडणीवरून कळतं.

ही मोजणी सुरुवातीला हाताने झाली. लांबलचक कागदी पट्टीवर एकेक शब्द टाइप करायचा, पट्टी कापून चिठ्ठ्या करायच्या आणि त्या वर्णानुक्रमे लावायच्या. कोणी जोरात श्वास सोडला तरी चिठ्ठ्या खोलीभर उडायच्या! नंतर संगणक मदतीला आला.

खरी कमाल पुढे आहे. एका शब्दाने काहीच सिद्ध होत नाही. हॅमिल्टनही एखाद्या दिवशी ‘अपॉन’ विसरू शकतो. म्हणून त्यांनी ३० शब्द निवडले आणि संभाव्यतेच्या गणितातल्या बेझच्या सिद्धान्ताने प्रत्येकाची साक्ष तोलली. प्रत्येक शब्द पारडं जरासं इकडे किंवा तिकडे ढकलतो आणि सगळ्यांचा जोर एकत्र झाला की शंकेला जागा उरत नाही. १९६४ च्या त्यांच्या पुस्तकातला निकाल असा : बाराच्या बारा निबंध मॅडिसनचे! पुरावा सर्वांत दुबळा होता तो ५५व्या निबंधाचा, तरी तिथेही ८० विरुद्ध १ असं माप मॅडिसनच्याच बाजूने पडलं.

आज हे निबंध इंटरनेटवर फुकट मिळतात. कॉलेजातली चार मुलं लॅपटॉप घेऊन बसली, की पायथॉनच्या काही ओळींत ती सगळी मोजणी क्षणात पुरी होते. डोकं मात्र आधीइतकंच चालवावं लागतं : कुठले शब्द घ्यायचे, अवतरणं वगळायची का, संपादकाने बदललेलं कसं ओळखायचं?

मराठीत तर आणखी मजा आहे. आपला ‘वर’ सुटा राहत नाही, ‘घरावर’ होऊन बसतो. म्हणजे आधी प्रत्यय सोडवणं आलं. पण ‘आणि’ की ‘व’, ‘परंतु’ की ‘पण’, ‘किंवा’ की ‘अथवा’ या सवयी आपल्याही लेखकांना आहेतच. १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’च्या सुरुवातीच्या अंकांत आगरकर, टिळक, चिपळूणकर लिहीत आणि अग्रलेखांखाली सही नसे. संगणक, मराठी आणि इतिहास शिकणाऱ्या मुलांनो, एकत्र बसा आणि हे काम हाती घ्या.