नाटक उभं राहताना : भाग ९
लिहिलेलं नाटक, लागलेलं नाटक

वर्ध्याहून नागपूर गाठायचं, तिथून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागायचं, की सावनेर येतं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी या गावात क्षयानं वारले. वय तेहेतीस. ‘एकच प्याला’ लिहून झालेलं होतं, पण रंगभूमीवर यायचं होतं. २० फेब्रुवारीला बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीनं त्याचा पहिला प्रयोग केला. नाटककार जाऊन चारच आठवडे झाले होते.

त्या प्रयोगात प्रेक्षकांनी जी पदं ऐकली, त्यांतले शब्द गडकऱ्यांचे नव्हते. ते विठ्ठल सीताराम गुर्जर यांचे होते. गडकरी स्वतः ‘गोविंदाग्रज’, म्हणजे कवी म्हणून महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेला माणूस, आणि त्यांच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाची पदं दुसऱ्याच्या हातची! आज हे सांगितलं की लोक चमकतात. संगीत नाटकाच्या कारखान्यात मात्र यात चमकण्यासारखं काही नव्हतं. मागच्या भागात आपण तालीम पाहिली. आज पाहायचं ते हे, की कागदावरचं संगीत नाटक आणि पडदा वर गेल्यावरचं संगीत नाटक यांत एवढं अंतर का पडतं.

याचं उत्तर मी एका शब्दात देईन : गळा. गद्य नाटकात भूमिकेला नट शोधतात. संगीत नाटकात हाताशी असलेल्या गळ्याच्या मापानं नाटक बेततात आणि शिंप्यासारखी शेवटपर्यंत कुठेतरी शिवण उसवत राहतात.

‘एकच प्याला’त हा गळा बालगंधर्वांचा होता. ते सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. आता कथा आठवा. दारूनं उद्ध्वस्त होणारा वकील आणि त्याची सोशिक बायको. हे मुळात गद्याचं नाटक आहे. सुधाकराची घसरण संवादांतून होते, तळीरामाचा आर्यमदिरामंडळातला धुमाकूळही संवादांतूनच. पण मंडळी गंधर्वांची, तिकीट गंधर्वांच्या नावावर. तेव्हा गाण्याचा भार मुख्यतः सिंधूवर आला आणि त्यानं नाटकाचं वजनही तिच्याकडे कललं. ज्यांच्या शालूंची चर्चा घराघरांत व्हायची, ते बालगंधर्व इथे ठिगळाचं लुगडं नेसून उभे राहिले. दळण दळून पोट भरणारी बाई इतकी गोड गाते हे पटावं तरी कसं, असा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. माझं मत असं, की पदं वगळून हे नाटक वाचलं तर ते जास्त भेदक वाटतं, आणि पदांसकट पाहिलं तर जास्त दिवस लक्षात राहतं.

पद घडायचं कसं, तेही जवळून पाहण्यासारखं आहे. पुष्कळदा चाल आधी ठरे, शब्द मागून येत. ‘एकच प्याला’तल्या बऱ्याच चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या. म्हणजे ठुमरी-दादरा-गझलच्या बैठकीतलं सामान घरंदाज सिंधूच्या तोंडी गेलं. पदकारापुढे आता एक आखलेली चौकट असते. इतक्या मात्रांची ओळ, अमुक जागी सम, अमुक जागी मुरकी. समेवर ‘ऊ’ किंवा ‘इ’ आली की तान कोंडते. तिथे ‘आ’कार हवा, निदान ‘ए’ तरी. जोडाक्षर चुकीच्या मात्रेवर पडलं की गायक ते गिळून टाकतो. मग अर्थ सांभाळत शब्दांची उलटापालट सुरू होते, क्रियापद पुढे येतं, संबोधन मागे जातं. जुन्या पदांची वाक्यरचना आपल्याला तिरपी वाटते, त्याचं एक कारण या चौकटीत आहे. कवितेसाठी कवी लागतो आणि अशा कामासाठी पदकार. गुर्जर या दुसऱ्या कामात तयार होते.

हे गडकऱ्यांच्याच वेळी घडलं असंही नाही. संगीत रंगभूमीचा पायाच असा हप्त्याहप्त्यानं घातलेला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला तेव्हा रंगभूमीवर चारच अंक आले होते. सातही अंकांचं नाटक पुढच्या वर्षी लागलं. ‘सौभद्र’ची तीच गत : १८ नोव्हेंबर १८८२ रोजी तीन अंक, आणि मार्च १८८३मध्ये पाची अंक. आज एखाद्या निर्मात्यानं अर्ध्या नाटकाची तिकिटं विकली तर काय होईल याची कल्पना करवत नाही. किर्लोस्कर मात्र सरकारी नोकरी सांभाळून नाटक लिहीत होते, आणि लिहिलेला भाग प्रेक्षकांसमोर लावून पुढचा लिहिण्याची त्यांना मुभा होती. कोणती चाल उचलली गेली, कोणत्या पदाला पुन्हा फर्माईश आली, हे त्यांना चौथा अंक लिहिण्याआधी कळत होतं. लेखकाला याहून चांगली परीक्षा मिळत नसते.

शिवाय या दोन नाटकांच्या मधल्या काळात एक गळा बदलला. ‘शाकुंतला’त आधी शंकरराव मुजुमदार शकुंतला करत. १८८२मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि शकुंतला त्यांच्याकडे गेली. ‘सौभद्र’ लागलं तेव्हा मोरोबा वाघोलीकर अर्जुन आणि भाऊराव सुभद्रा, असा दुहेरी ऐवज किर्लोस्करांच्या हाताशी होता. त्या नाटकात शंभराहून अधिक पदं आहेत. एवढी पदं कथेसाठी लागत नाहीत, पण असे गायक घरात असताना लेखकाचा हात आखडणार कसा? तिसरं नाटक ‘रामराज्यवियोग’ १८८४मध्ये असंच तीन अंकांनिशी रंगभूमीवर आलं. पुढच्या वर्षी किर्लोस्कर गेले आणि ते तेवढंच राहिलं. हप्त्यानं नाटक करण्यातला धोका तो हाच.

अमेरिकेत कच्चं नाटक प्रेक्षकांसमोर तपासण्याच्या कामासाठी वेगळी गावं ठरलेली होती. न्यूयॉर्कला जाण्याआधी संगीतिका न्यू हेवन, बॉस्टन, वॉशिंग्टन अशा ठिकाणी लावून बघायची, रात्री प्रयोग, सकाळी दुरुस्ती. मार्च १९४३मध्ये न्यू हेवनला ‘अवे वी गो’ नावानं लागलेलं नाटक तीन आठवड्यांच्या आत न्यूयॉर्कला ‘ओक्लाहोमा’ म्हणून पोचलं. बॉस्टनच्या मुक्कामात त्यातलं एकट्यानं म्हणायचं एक गाणं सगळ्या संचाच्या तोंडी दिलं गेलं आणि त्याच गाण्याचं नाव नाटकाला मिळालं. १९६२मध्ये एक प्रहसन वॉशिंग्टनमध्ये साफ पडत होतं. विनोद तेच, नट तेच, पण कुणी हसेना. नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्सनं दुखणं ओळखलं : सुरुवातीचं गोड, हळुवार गाणं प्रेक्षकाला चुकीची वर्दी देत होतं. गीतकार-संगीतकार स्टीफन सोंडहाइमनं नवं गाणं लिहिलं, ‘आज विनोद आहे’ अशी रोखठोक वर्दी देणारं, आणि न्यूयॉर्कला तेच नाटक धो धो चाललं. आपल्याकडची नांदी हे काम किती दिवस बिनबोभाट करत आली आहे!

आपल्या मंडळ्यांना असं वेगळं गाव लागत नसे, कारण त्या बारा महिने फिरतीवरच असत. नाटककार, गायक, ऑर्गनवाला, तबलजी एकाच बिऱ्हाडात राहत. दुरुस्ती जेवणाच्या पंगतीत व्हायची. बोलपट आले, मंडळ्या बसल्या आणि हे बिऱ्हाड मोडलं. त्यानंतर कच्चं नाटक तपासण्याची जागा आपल्याकडे कुणी घेतली? माझ्या मते एकांकिका स्पर्धांनी.

ताजा दाखला ‘संगीत देवबाभळी’चा. प्राजक्त देशमुख यांचं हे नाटक आधी एकांकिका होतं. तुकोबांना शोधायला निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो, आणि रुसलेल्या रखुमाईला आवलीच्याच घरी लखुबाई होऊन राबावं लागतं. एकांकिकेच्या तासाभरात एवढं पुरतं. दोन बायका समोरासमोर आल्या, एक वळण आलं, पडदा. ‘भद्रकाली’ या नाट्यसंस्थेनं ते २२ डिसेंबर २०१७ला व्यावसायिक रंगभूमीवर आणलं तेव्हा ते दोन अंकी झालं होतं, आनंद ओक यांच्या संगीतासह, शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी या दोघींच्या जिवंत गाण्यासह. एकांकिका वाढवली की बहुतेक वेळा पाणी घातल्यासारखी होते. इथे तसं झालं नाही, कारण वाढ गाण्याला पेलवली. दोन अंकी नाटकाला मध्यंतराच्या आधी एक टोक लागतं आणि नंतर प्रेक्षकाला पुन्हा आत ओढणारी एक जागा लागते. ओवी आणि अभंग दोन्ही कामं करू शकतात. पात्रं मात्र दोनच ठेवली. मोठ्या रंगमंचासाठी चार वारकरी वाढवण्याचा मोह टाळला, हे मला फार मोलाचं वाटतं. नोव्हेंबर २०२३मध्ये या नाटकाचा पाचशेवा प्रयोग झाला.

विदर्भाचं म्हणाल तर, ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, आणि खाँसाहेब रंगवणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. पंडित जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलं, २४ डिसेंबर १९६७ला ते लागलं. इथेही दोन घराण्यांचं भांडण कागदावर संवादांत आहे, पण ते खरं होतं गळ्यांत. वसंतरावांसारख्या गायकाचं गाणं दोन रात्री सारखं असणं शक्यच नव्हतं. म्हणजे या नाटकाचा एक भाग शुभारंभानंतरही रोज नव्यानं लिहिला जात होता.

आपल्या पूर्वेला झाडीपट्टीत तर शुभारंभ ही गोष्ट कुणी फारशी मनावर घेत नाही. वडसा हे तिथलं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गावागावांत रात्रभर नाटक चालतं, समोर प्रेक्षक हजारांनी. कुठलं गाणं ठेवायचं आणि कुठलं कापायचं याचा निकाल तिथे पहिल्या आठवड्यातच लागतो.

मुंबई-पुण्याचं नाटक वर्ध्याला येतं तेव्हा त्याच्या गाठीशी बरेच प्रयोग जमलेले असतात. शुभारंभाला लांबलेला प्रवेश आटलेला असतो, न हसवणारी वाक्यं गळून पडलेली असतात. दौऱ्यावर नेपथ्य ट्रकमध्ये मावायला हवं म्हणून एखादी भिंतही कमी झालेली असते. पूर्वी ‘वन्स मोअर’ घेत घेत नाटक पहाटेपर्यंत चाले. आता दुसऱ्या दिवशी यवतमाळ नाहीतर अमरावती गाठायची असते आणि नाट्यगृहाची वेळही ठरलेली असते. त्यामुळे ‘सौभद्र’ लावणारी संस्था शंभरावर पदांतली मोजकीच ठेवते. कोणती ठेवायची हे ठरवताना पहिला प्रश्न आजही तोच असतो : या वेळी सुभद्रा कोण करतंय?