सर्व्हरांचा समुदाय व त्याची परिभाषा

२४ डिसेंबर २०१२ रोजीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, अमेरिकेंतील पुष्कळ घरांत नेटफ्लिक्सचे चित्रपट दिसेनासे झाले. चित्रपट मात्र कोठें नष्ट झाले नव्हते. मग बिघडलें काय? हें कळण्यास कांहीं शब्दांचे अर्थ ठाऊक असावे लागतात.

मागणी येतांच हवी ती माहिती पुरविणारा संगणक तो ‘सर्व्हर’. लक्षावधि घरांचा भार एकट्यास सोसत नाहीं. म्हणून अनेक सर्व्हर जोडून एकाच यंत्राप्रमाणें राबवितात. ह्या समुदायास ‘क्लस्टर’ व त्यांतील प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात. एक नोड बंद पडल्यास त्याचें काम दुसरा उचलतो, हाच ‘फेलओव्हर’. कोणती मागणी कोणत्या नोडकडे धाडावयाची हें ठरवितो तो ‘लोड बॅलन्सर’. पंगतींत पाहुण्यांस पान दाखविणाऱ्या यजमानासारखा.

चित्रपट घरीं पोहोंचतो तो लहान लहान तुकड्यांनीं. ह्या ओघास ‘स्ट्रीम’ व आगाऊ साठविलेल्या तुकड्यांस ‘बफर’ म्हणतात. बफर क्षणांची उणीव भरून काढतो, तासांची नव्हे.

नेटफ्लिक्स ॲमेझॉनचे सर्व्हर भाड्यानें वापरीत असे. त्या दिवशीं ॲमेझॉनच्या व्हर्जिनियांतील केंद्रांत देखभाल चालू असतां लोड बॅलन्सरांच्या नोंदी चुकून पुसल्या गेल्या. पानें वाढलेलीं होतीं. पाहुण्यांस पान दाखविणारा तेवढा उरला नाहीं.

तेव्हां क्लस्टरची बळकटी केवळ नोडांच्या संख्येवरून ठरत नाहीं. वाट दाखविणाऱ्याच्या जागीं दुसरा उभा आहे कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें.